शेवंतीची चोळी

जमुना लग्न होऊन पातूरहून अकोल्याला आली, तेव्हा सासरी तिला दोघींची धास्ती वाटे. एक सासू मैनाबाई आणि दुसरी सासूची मांजर.

जठारपेठेत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे मातीची ओसरी. मैनाबाई फुलवाली. मळ्यांतून सकाळी आलेली फुलं घ्यायची, ओसरीवर बसून हार-गजरे करायचे आणि टोपली डोक्यावर घेऊन राजेश्वराच्या देवळापाशी जाऊन बसायचं, असं तिनं नवरा गेल्यापासून चालवलं होतं. मुलगा सहदेव कापसाच्या जिनात कामाला होता. तो स्वभावानं गरीब. आईपुढे बोलायची वेळ आली की त्याला नेमकी बैलगाडी बघायला बाहेर जावंसं वाटे.

मांजरीचं नाव शेवंती. पिवळसर अंगाची, पांढऱ्या पोटाची. पिल्लू असताना ती मैनाबाईच्या टोपलीत येऊन झोपली आणि मग घरचीच झाली. फुलांवर घालायच्या ओल्या फडक्यावर तिची जागा. मैनाबाई सुनेशी कामापुरतं बोले. शेवंतीशी मात्र तिचं अखंड चाललेलं असे. "आज मोगरा कसा आला पाय व. नुसता दांडाच दांडा." शेवंती डोळे बारीक करून ऐकून घ्यायची.

जमुनाचं माहेर भाजीपाल्याच्या शेतीचं. वांगी, मिरची, कोथिंबीर. तिथे मांजर म्हणजे दुधाच्या भांड्यावर दगड ठेवायचं कारण, एवढंच. शेवंती पायात घोटाळली की ती दचकून पाय वर घ्यायची. मैनाबाईला ते दिसे. ती म्हणे, "वाघ आहे काय थे? घराची लक्ष्मी आहे."

त्या साली कायदेमंडळाच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. उमेदवारांच्या गळ्यात हार घालघालून लोक थकले, पण मैनाबाईचा हात काही थकला नव्हता. पाठोपाठ लग्नसराई आली. अशात तिच्या बहिणीच्या नातवाचं बारसं बार्शीटाकळीला निघालं. जाताना ती सुनेला म्हणाली, "लग्नाचे दोन हार संध्याकायपर्यंत झाले पायजे. आन् शेवंतीले दूध देजो."

जमुना ओसरीवर हार करत बसली. मोगऱ्याचा हार, मध्ये गुलाब. अर्धा झाला असताना आत चुलीवरचं दूध वर आल्याचा वास आला. तिनं सुई तशीच हारात टोचली आणि धावली. दूध उतरवून परत येते तो हाराचं टोक चघळलेलं, चार फुलं इकडे-तिकडे, आणि शेवंती मान वाकडी करून खोकते आहे. तोंडातून दोऱ्याचं टोक लोंबत होतं. सुई कुठेच नव्हती.

जमुनानं चटई झटकली, फुलं उपसली, ओसरी हातानं चाचपली. मग तिची नजर त्या लोंबत्या दोऱ्याकडे गेली आणि ती ओरडलीच.

शेजारच्या पार्बताबाई आवाज ऐकून आल्या. त्यांनी पाहिलं आणि लगेच उपाय सांगितला. "वढ ना दोरा. वढला की सुई येईन भायेर."

जमुनानं भीत भीत दोरा धरला आणि जरासा ओढला. शेवंती अशी ओरडली की जमुनाच्या हातून तो सुटलाच. दोरा आत कशाला तरी घट्ट धरून होता. हार करताना दोरा अडकला आणि झटका दिला की फूल फाटतं, हे तिला रोजचं ठाऊक. ती म्हणाली, "नाई वढत मी. आत फाटन तिचं."

"मंग काय करतं?"

"गुरांच्या दवाखान्यात नेतो."

पार्बताबाई हसल्या. "मांजरीले? तठी बैल नेतात, माय. सासू आली म्हंजे तुलेच नेतीन लोक दवाखान्यात."

पण जमुनानं शेवंतीला फुलांच्या टोपलीत बसवलं, वर दुसरी टोपली उपडी घातली, दोन्ही सुतळीनं बांधल्या आणि पदर खोचून निघाली. मांजरीला तिनं हात लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

दवाखान्याच्या आवारात एक बैल खाली पाडलेला होता, टांग्याचा एक घोडा पाय उचलून उभा होता. गोवर्धन कंपाउंडर बैलाच्या पायांचा दोर धरून होता. त्यानं टोपली पाहून विचारलं, "काय आणलं बाई? कोंबडी काय?"

"मांजर आहे जी. सुई गियली तिनं."

बैलाचा मालक मोठ्यानं हसला. गोवर्धनही हसला असता, पण तेवढ्यात टोपलीतून आवाज आला आणि तो काही हसण्यासारखा नव्हता.

डॉक्टर शालिकराम वानखडे अंजनगाव सुर्जीचे, शेतकऱ्याच्या घरातले. मुंबईला शिकून आलेले, तरी बोलणं गावचंच. गावात त्यांना लोक 'ढोरांचे डॉक्टर' म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांनी बैलाचं काम पुरं केलं, हात धुतले आणि टोपली उघडली. शेवंतीचा जबडा दोन बोटांनी उघडून त्यांनी आत पाहिलं. मग पोटावरून हलक्या हातानं चाचपत गेले आणि एका जागी थांबले.

"दोरा वढला काय कोनी?"

"म्या वढला जराक. मंग सोडून देला."

"सोडला थे बेस केलं. वढत राहिली असती तर मले काई कराले उरलं नसतं." त्यांनी शेवंतीला परत टोपलीत ठेवलं. "सुई जठरात आहे, बाई. दोरा जिभेखाली अडकला. पोट उघडून काढा लागन. बैलाईचं म्या लय केलं, कुत्र्याईचंही केलं. मांजराचं शिकताना एक डाव केलं, त्यानंतर नाई. वाचनच असं मी सांगत नाई. नाई काढली तर मात्र मरन, हे सांगतो. तुमी सांगा."

त्या घरात आजपर्यंत तिला कोणी कशाबद्दल काही विचारलं नव्हतं. आज भाजी कोणती हेसुद्धा सासू ठरवायची. मांजर सासूची, सासू बार्शीटाकळीला, नवरा जिनात. आणि हे मोठे डॉक्टर, साबणाचा वास येणाऱ्या हातांनी, तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"काढा जी," ती म्हणाली.

कात्र्या-चिमटे उकळत ठेवले. गोवर्धननं खिडकीजवळ टेबल ओढलं. शेवंतीला पोत्यात गुंडाळून नाकापाशी कापसाचा बोळा धरला. गोड, डोकं जड करणारा वास खोलीभर पसरला. शेवंती धडपडली, मग तिचे पंजे सैल पडले. डॉक्टरांनी आधी जिभेखालचा दोरा कापून सोडवला. डॉक्टर म्हणाले, "बाई, भायेर बसता काय?"

"बसतो ना अठीच. पाय धरतो तिचे."

"भोवय आली तर खाली बसजा. टेबलावर पडू नका."

तिनं पुढचे दोन पंजे धरले आणि डोळे मिटले. पोटावरचे केस काढल्याचा आवाज आला, आयोडीनचा वास आला. मग बराच वेळ फक्त डॉक्टरांचं हळू बोलणं. "धर. अजून. पूस." मध्येच गोवर्धन म्हणाला, "श्वास बारीक झाला, सायेब," आणि डॉक्टरांनी बोळा काढायला लावला. सगळे थांबले. जमुनाच्या बोटांखाली शेवंतीच्या पंजाची गादी गार लागत होती. तिनं नकळत ती चोळायला सुरुवात केली. थोड्या वेळानं श्वास पुन्हा नीट लागला.

"पाहा आता," डॉक्टर म्हणाले.

तिनं एक डोळा उघडला. डॉक्टरांच्या चिमट्यात तिची सुई होती, मागे लांबलचक ओला दोरा, आणि दोऱ्याला मोगऱ्याची एक पाकळी अजून चिकटलेली. जमुनाला रडू यायला हवं होतं, पण आलं हसू. गोवर्धनही हसला. डॉक्टर मात्र मान खाली घालून टाके घालू लागले. जठराला वेगळे, पोटाला वेगळे, कातडीला वेगळे.

सहदेवला कोणीतरी जिनात निरोप दिला होता. तो धापा टाकत आला, तेव्हा शेवंती पट्टीत गुंडाळलेली, जिभेचं टोक बाहेर काढून पडली होती. त्यानं मांजरीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "माय काय म्हनन?"

"थे मी पाहून घेईन," जमुना म्हणाली. तिला स्वतःलाच नवल वाटलं.

दिवेलागणीला मैनाबाई आली. लग्नाचे हार तेवढ्यात पुरे झाले होते. टोपलीत शेवंती झोपलेली, अंगाला पट्टी, अर्धं पोट तासलेलं. पार्बताबाईंनी रस्त्यातच सगळं सांगून ठेवलं होतं, आपल्या परीनं.

"माह्या मांजरीचं पोट फाडून आनलं?" मैनाबाई दारातूनच गरजली. "मले न इचारता?"

"तुमी असत्या तर इचारलं असतं, आत्याबाई. सुई माह्याच हातानं राहिली होती. म्हनून मीच नेलं."

मैनाबाईला उत्तराची सवय नव्हती. ती आत येऊन टोपलीपाशी बसली. शेवंतीनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, आणि उठून नीट चालता येत नसताना दोन पावलं टाकून जमुनाच्या मांडीला पाठ टेकवून पुन्हा झोपली. त्या दिवशी मैनाबाई उशिरा जेवली.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांना चार शब्द सुनवायला म्हणून निघाली. जमुना मागे टोपली घेऊन. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली, सुई कुठे होती ते स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाले, "तुमच्या सुनेनं दोरा वढला नाई म्हनून मांजर जित्ती आहे." निघताना मैनाबाईनं ओच्यातून शेंगदाण्याचा लाडू काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. बारशाचा होता.

खरी कटकट त्यानंतर सुरू झाली. शेवंतीला बरं वाटू लागलं आणि तिला पट्टी सहन होईना. बांधली की ती मागचे पाय घालून सरकवायची आणि टाके चाटत बसायची. एक टाका तिनं काढलाच. पुन्हा दवाखाना, पुन्हा आयोडीन. डॉक्टर वैतागले. "मी शिवतो आन् हे उसवते. टाके सुटले तर आतडी भायेर येतीन. मान वयू नये म्हनून बैलाच्या गयात लाकडं बांधतो, तसं हिले बांधता येत नाई. राखन ठेवा चोवीस घंटे."

चोवीस घंटे मांजरीची राखण कोण करणार? जमुना घरी आली आणि शेवंतीकडे बघत बसली. पट्टी गोल असते आणि मांजर गोल नसतं, खांद्याशी अरुंद, पोटाशी रुंद, म्हणून ती सरकते, हे तिला दिसत होतं. माहेरी तिनं आईबरोबर गावच्या बायांच्या चोळ्या शिवल्या होत्या. जाडी बाई, बारीक बाई, एक खांदा खाली असलेली बाई; चोळी सगळ्यांना बसवावी लागे. तिनं दोरीनं शेवंतीचं माप घेतलं. पेटीच्या तळाशी सासूची एक जुनी, रंग गेलेली चोळी होती.

"ही फाडू काय, आत्याबाई?"

"कायले?"

"हिले शिवतो."

मैनाबाईला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. पण ती "फाड" म्हणाली.

जमुनानं चारही पायांना भोकं ठेवली, पोटावर दुहेरी कापड घातलं, पाठीवर बंद लावले. शेपटीकडून जरा वर कापलं, म्हणजे घाण लागणार नाही. पहिली घट्ट झाली, शेवंती पुतळ्यासारखी कलंडून पडली. उसवून पुन्हा शिवली. दुसऱ्या वेळी ती उठली, दोन पावलं चालली, पोटाकडे तोंड नेलं, कापड चाटलं, आणि कंटाळून दूध प्यायला गेली. मैनाबाई ओसरीवर बसून हे बघत होती. लाल काठाची चोळी घालून शेवंती ऐटीत दारातून बाहेर आली, तेव्हा ती पोट धरून हसायला लागली. सुनेनं तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"बाप्पा बाप्पा! आता कुंकू लाव तिले, आन् पाठव सासरी!"

पेठेतली पोरं, बाया बघायला आल्या. पार्बताबाई म्हणाल्या, "म्या म्हनलंच होतं, दवाखान्यात ने म्हनून." कोणी त्यांना अडवलं नाही. जखम सुकली, टाके निघाले, तासलेल्या पोटावर बारीक पांढरी लव आली.

टाके काढताना डॉक्टरांनी ती चोळी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. बंद सोडले, पुन्हा बांधले. मग म्हणाले, "बाई, एका वकिलाचं कुत्रं आहे. गाठ काढाची आहे उद्या. त्याले शिवून देता?"

"कुत्र्याले?" जमुना घाबरली. "चावन थे."

"गुंगीत असताना माप घ्या ना."

अशी सुरुवात झाली. तोवर लोक कुत्र्या-मांजरांवर शस्त्रक्रिया करायला तयार नसत. आणि केली तरी जनावर घरी नेल्यावर टाके तोडून घेई, आणि दोष डॉक्टरांच्या माथी. आता ते सांगू लागले, "मी कापून शिवतो, जठारपेठेतली जमुनाबाई चोळी शिवते, मंग सोडतो." वकिलाच्या कुत्र्यानंतर धनगराची शेळी आली. काटेरी तारेनं पोट फाटलेली एक कुत्री आली. एकदा मदाऱ्याचं माकड आलं. त्याला चोळी इतकी आवडली की बरं झाल्यावर काढू देईना.

जमुनाच्या हाताला त्या कामाची सवय झाली. शेळीला पोटाशी सैल लागते, कुत्र्याला छातीशी रुंद, नराला मागून निराळा काप. जुनी लुगडी, जुनी धोतरं लोक आणून देत. कोणी शेंगा आणे, कोणी पायलीभर ज्वारी, कोणी नुसतेच हात जोडून जाई. देण्याघेण्याचं मैनाबाई बघे. जनावर घेऊन आलेल्या माणसाला ओसरीवर बसवून ती शेवंतीची कथा पहिल्यापासून सांगे, आणि तिच्या सांगण्यात आता सहदेवकडून ऐकलेलं "सून म्हनली, मी पाहून घेईन" हे वाक्य मोठ्या आवाजात येई. देवळापाशी बसूनही ती फुलं कमी विकी आणि हे जास्त सांगे.

सगळीच जनावरं वाचली नाहीत. खुशालराव म्हणून बोरगावकडचे एक शेतकरी होते. त्यांच्या शेतराखणीच्या कुत्र्याला रानडुकरानं फाडलं होतं. डॉक्टरांनी दुपारभर खपून शिवलं, जमुनानं निळ्या लुगड्याची चोळी शिवून घातली. कुत्रा दोन दिवस तगला. तिसऱ्या दिवशी खुशालराव एकटेच आले. जमुनाला वाटलं, ते रागावले असतील.

"चोयी राहू देली त्याच्या आंगावर," ते म्हणाले. "तशीच माती देली. शेताच्या धुऱ्यावर. हे सांगाले आलो." मैनाबाईनं त्यांना पाणी दिलं. ते बराच वेळ ओसरीवर बसून राहिले आणि शेवंती त्यांच्या धोतराशी अंग घासत होती. त्या संध्याकाळी जमुनानं सुई हातात घेतली नाही.

काही वर्षांनी डॉक्टरांची बदली अमरावतीला झाली. जाताना ते घरी येऊन चहा पिऊन गेले. मैनाबाईनं त्यांना निशिगंधाचा हार घातला. उमेदवारांसाठी करायची त्यापेक्षा जाड. जमुनाला आता दोन मुली होत्या. अकोल्याच्या दवाखान्यातले नवे डॉक्टरही तिच्याकडेच माणसं पाठवू लागले, त्यामुळे काम काही थांबलं नाही. पण अमरावतीहून निरोप आला. तिथे कुत्र्या-मांजरांचं काम पुष्कळ आहे, आणि चोळी शिवणारं कोणी नाही. एकदा येऊन तिथल्या एका बाईला शिकवून जाल का?

सहदेव म्हणाला, "जाय ना. पोरीईले मी पाहतो." इतक्या वर्षांत तोही बराच बोलका झाला होता. एकटी कशी जाणार, म्हणून मैनाबाई निघाली. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. सासूनं गाडीत बसल्याबसल्या समोरच्या बाईला शेवंतीची कथा सुरू केली. बडनेरा आलं तरी ती सुईपर्यंतच पोचली होती. ती बाई अलीकडच्या मूर्तिजापूरला उतरणार होती, पण गोष्टीच्या नादात पुढेच आली.

अमरावतीचा दवाखाना मोठा होता, आवारात कडुनिंब. शिकायला आलेली बाई म्हणजे तिथल्या चौकीदाराची बायको मनकर्णा, हाताची चपळ पण कुत्र्यांना भिणारी. टेबलावर एक काळी कुत्री गुंगीत पडली होती, टाके नुकते घातलेले. जमुनानं मनकर्णाचा हात धरून कुत्रीच्या छातीवर ठेवला.

"भेव लागते काय?"

"लागते ना व माय."

"मलेही लागे. पाहा, कशी गरम आहे. आता दोरी घे, अठून अठपर्यंत."

मनकर्णानं माप घेतलं. तिचा काप पहिल्याच वेळी बरा उतरला. डॉक्टर दारातून बघून गेले. त्यांचे कानाशी केस पांढरे झाले होते. बाहेर कुत्रीचा मालक, एक सराफ, सारखा विचारत होता की उठेल का, खाईल का, आणि मैनाबाई त्याला दटावत होती, "गप बसा ना जी जरा. तुमचं पोट कापलं काय?"

कुत्री शुद्धीवर आली, उठायला गेली, चोळीकडे बघून गोंधळली आणि मालकाचा आवाज ऐकून शेपटी हलवू लागली. सराफाच्या डोळ्यांत पाणी आलं. मैनाबाईनं तोंड दुसरीकडे केलं.

मग सासू-सुना कडुनिंबाखाली बसल्या. जमुनानं शिदोरी सोडली, ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मनकर्णानं घरून वरण आणलं. मैनाबाईनं पहिली भाकर सुनेच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाली, "खाय आंधी तू. सकायपासून हुबीच आहेस." संध्याकाळच्या गाडीला वेळ होता. ऊन पानांमधून खाली येत होतं, आवारात कोणाचा तरी बैल रवंथ करत बसला होता, आणि दोघींना उठायची काही घाई नव्हती.